जुनी ॲक्टिव्हा घेताना: फौजी, फायनान्स आणि फॉर्म ३०

मुलीला कॉलेजला जायला गाडी हवी होती. नवी ॲक्टिव्हा ऑन रोड लाखाच्या घरात जाते, आणि नुकतंच लायसन्स मिळालेल्या पोरीच्या हातात पहिलीच गाडी नवीकोरी द्यायची माझी तरी तयारी नव्हती. वर्षभरात ती कुठे ना कुठे घासणारच. मग चाळीस-पंचेचाळीस हजारांत चांगली जुनी बघायची ठरलं. ह्यांची अंबडला शिफ्ट ड्युटी, त्यामुळे शोधाशोध माझ्याकडे आली. मी अकाउंट्समध्ये काम करते. बिल जोडलेलं नसेल तर साहेबांचंही व्हाउचर परत पाठवायची सवय आहे. ऑनलाइन गाडी घेताना इतकं काही उपयोगाचं ठरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ॲपवर नाशिक टाकून शोधायला लागलं की सगळ्या गाड्या ‘लेडीज यूज्ड, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’. नाशिकच्या बायका इतक्या जपून आणि इतक्या कमी गाड्या चालवत असतील तर द्वारका चौकात रोज संध्याकाळी अडकलेली गर्दी कोणाची असते, कोण जाणे. किमती साधारण एकाच पट्ट्यात होत्या. त्यात एकच जाहिरात वेगळी: २०१९ चं मॉडेल, पांढरी, फोटोत चकाचक, किंमत अठरा हजार पाचशे. मेसेज टाकला तर मिनिटाभरात उत्तर आलं. मालक फौजी, पोस्टिंग देवळालीला, बदली जम्मूला झालेली, म्हणून अर्जंट विकायची आहे.

हे फौजीचं सोंग देशभर चालतं हे मी वाचलं होतं, पण ते नाशिकमध्ये इतकं का चालतं ते त्या दिवशी कळलं. आपल्याला ते खोटं वाटतच नाही. देवळाली कॅम्पला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांचं प्रशिक्षण. कोणाचा भाऊ फौजेत, कोणाचा भाडेकरू फौजी. खऱ्या जवानांच्या बदल्या होतात, ते खरोखर घाईने सामान विकतात, आणि त्यांच्या गाड्या खरोखर चांगल्या ठेवलेल्या असतात. आमच्या शेजाऱ्यांनी कॅम्पातल्या एका हवालदाराकडून घेतलेला फ्रिज अजून कुरकुरत नाही. भामट्याला नाशिकबद्दल एवढं ठाऊक असलं तरी पुरतं.

मी काही न मागताच त्याने आधार कार्ड, कॅन्टीनचं कार्ड आणि युनिफॉर्ममधला फोटो पाठवला. अकाउंट्समध्ये न मागता कागद देणारा माणूस दिसला की मी चष्मा पुसते. फोटोतल्या गाडीचा नंबर एमएच १५ चा होता. तो परिवहनच्या ॲपमध्ये टाकला. तिथे मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, मधली अक्षरं फुल्या मारून झाकलेली असतात, पण सुरुवातीची दिसतात. आधारवरचं नाव ‘के’ने सुरू होत होतं, नोंदीतलं ‘एस’ने. शिवाय नोंदणीचं साल २०१७. म्हणजे गाडी कोणाची तरी होती, विकायला काढलेली असेल-नसेल, फोटो मात्र तिकडून उचललेला.

तरीही मी फोन केला. कुतूहल म्हणा. माणूस अतिशय अदबीने हिंदीत बोलत होता.

“मॅडम, गाडी एअरपोर्ट की पार्किंग में खडी है.”

“मी लॅम रोडलाच असते,” मी ठोकून दिलं. “कॅम्पात आत्ता येते बघायला.”

“नहीं मॅडम, सिव्हिलियन अलाउड नहीं है. आर्मी ट्रान्सपोर्ट से घर पे आ जाएगी. पसंद आए तो पेमेंट, नहीं तो वापस. बस गेटपास का इक्कीस सौ लगेगा.”

“कुठलं एअरपोर्ट?”

“नाशिक एअरपोर्ट, मॅडम. देवलाली में.”

नाशिकचं विमानतळ ओझरला आहे. देवळाली कॅम्प शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी हे सांगितल्यावर तो जरा थांबला, मग आवाज चढवून म्हणाला, “फौजी पे शक करती हो?” तेवढ्यात मागून दुसरा एक आवाज कोणाला तरी हेच एअरपोर्टचं पारायण ऐकवताना ऐकू आला. मी फोन ठेवला. लगेच मेसेज आला: आपका आधार भेज दो, गेटपास बनाना है.

त्या मेसेजवर मी बराच वेळ विचार करत बसले. त्याने मला पाठवलेलं आधार तरी कोणाचं होतं? बहुधा अशाच कोणाचं तरी, ज्याने ‘गेटपास’साठी आपलं कार्ड विश्वासाने पाठवलं. मी पाठवलं असतं तर पुढच्या महिन्यात माझा चेहरा आणि माझा पत्ता घेऊन कोणीतरी ‘पती फौज में है’ म्हणत वॉशिंग मशिन विकत बसलं असतं. पैसे गेले तर पैशांवर भागतं. कार्ड गेलं की आपण त्यांच्या दुकानातला माल होतो.

इक्कीस सौच्या पुढे काय होतं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाने भोगलंय. त्याने असाच ‘फौजी’कडून फोन घ्यायला घेतला होता. आधी गेटपास. मग ट्रान्सपोर्टच्या गाडीला जीपीएस लावायचे पाच हजार एकशे पन्नास, डिलिव्हरी झाली की परत. मग फोन, की तुम्ही पैसे दोन मिनिटं उशिरा टाकले, सिस्टीमने घेतले नाहीत, तेवढेच परत टाका म्हणजे दोन्ही एकदम रिफंड होतील. पोरगं अडकलं ते इथे. तिसऱ्यांदा टाकताना त्याला फोन नको होता, आधीचे पैसे सोडवायचे होते. शेवटी रिफंडसाठी म्हणून क्यूआर पाठवला. तो स्कॅन केल्यावर यूपीआयचा पिन मागितला, तेव्हा त्याची आई खेकसली आणि मोबाईल हिसकावला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो, हे त्या माऊलीला किराणा दुकानात रोज क्यूआर बघून माहीत होतं. इंजिनिअरिंगच्या पोराला नव्हतं. पूर्वी हीच मंडळी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवायची. ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला ती पाठवणं बंद झालंय, तेव्हा आता सगळा भार क्यूआरवर.

वहिनींनी तिथल्या तिथे १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. त्यांनी व्यवहाराचा नंबर, वेळ, कुठल्या बँकेतून गेले एवढंच विचारलं आणि तक्रार नोंदवून नंबर दिला. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत तक्रार पोचली तर बँक तेवढी रक्कम अडवून ठेवू शकते. त्याच्या शेवटच्या पाच हजारांचं तसं झालं, आधीचे तोवर पुढे सरकले होते. ‘उद्या सकाळी पोलीस स्टेशनला जाऊ’ म्हणून झोपले असते तर तेही गेले असते.

तर फौजी असा संपला. पण खरं सांगायचं तर मला त्याची फारशी भीती वाटली नाही. तो ओळखू येतो. घाम फुटला तो खऱ्या गाड्या बघायला लागल्यावर.

पाथर्डी फाट्याजवळची एक गाडी. जाहिरातीत ‘घरगुती वापर, मिसेसची गाडी’. पोचले तर घर वगैरे काही नाही, शेडमध्ये ओळीने वीसेक गाड्या आणि टेबलामागे गळ्यात चेन घातलेला कन्सल्टंट. कोणाची मिसेस, असं विचारलं नाही. गाडी खरंच छान होती. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मागितली तर झेरॉक्स, नाव तिसऱ्याच माणसाचं. त्या माणसाच्या सह्या केलेले, गाडी नावावर करायचे कोरे फॉर्म २९ आणि ३० ड्रॉवरमध्ये तयार. “हे आपल्याकडे असंच असतं ताई. तुम्ही नाव टाकायचं, झालं.” मी तिथेच उभ्या उभ्या नंबर ॲपमध्ये टाकला. हायपोथिकेशनच्या रकान्यात एका फायनान्स कंपनीचं नाव. म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा तसाच होता.

“ते उतरवून देतो ना महिन्याभरात. तुम्ही गाडी तर घेऊन जा.”

फायनान्सची एनओसी आणि त्यांनी सही-शिक्का केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा असताना फायनान्सवाल्यांना डावलून गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हप्ते थकले असतील तर एक दिवस कॉलेजच्या पार्किंगमधून मुलीची गाडी ओढून नेतील, आणि करारानुसार तिच्यावर पहिला हक्क त्यांचाच असेल. कोऱ्या फॉर्मची गंमत तर त्याहून जुनी. आता अर्ज ऑनलाइन होतो आणि ओटीपी नोंदीतल्या मालकाच्या मोबाईलवर जातो. तो माणूस आता जालन्याला असेल, नंबर बदलला असेल, कन्सल्टंटशी भांडला असेल. मग फॉर्मवरची सही घेऊन काय करायचं? एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं आणि ताब्यात आलेल्या प्रत्येक गाडीची माहिती पोर्टलवर कळवायची असा केंद्राचा नियम आहे. मी ते प्रमाणपत्र बघायला मागितलं. त्यांनी मला चहा मागवला. चहा चांगला होता.

पंचवटीत एका घरी गेले तिथे फसवणुकीचा लवलेश नव्हता, तरी गाडी घेता आली नाही. आरसी त्या बाईंच्या मिस्टरांच्या नावावर आणि ते गेल्याला दीड वर्ष झालेलं. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ असतो, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या दिराने “गेलेल्याच्या नावाने सही मीच ठोकतो, कोण बघतंय” अशी तयारी दाखवली होती. मी कागदावर काय काय लागेल ते लिहून दिलं आणि निघाले. गाडी काळी होती, मुलीला आवडली होती, घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

शेवटी जमलं ते जेलरोडला. मालक प्रेसमधून रिटायर झालेले काका. नाशिककराला कुठला प्रेस ते सांगायला नको. जन्मभर नोटा छापणाऱ्या खात्यात काढलेल्या या माणसाने फोनवरच बजावलं: रोख घेणार नाही, खात्यावरच टाका. शिवाय आधी मलाच तपासलं. कुठे राहता, कुठे कामाला, गाडी कोण चालवणार, लायसन्स आहे का. मला ते फार आवडलं. गाडी बघायला घरीच या म्हणाले, टोकनबिकनचं नावही काढलं नाही. तोवर ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय, पाचशे टाकून ठेवा’ हे इतक्यांदा ऐकलं होतं की एखादा तसं म्हणाला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

बघायला जाताना पवननगरच्या आमच्या मेकॅनिकदादांना घेऊन गेले. त्यांनी आधी इंजिनवर हाताचा पंजा ठेवला. गरम असेल तर आपण यायच्या आत मालकाने चालू करून ठेवली, म्हणजे गार असताना स्टार्टिंगची बोंब. इंजिन गार होतं. बटनवर एकदम चालू झाली, किकवरही झाली. मग ते जमिनीवर बसले, मोबाईलच्या उजेडात चेसिस नंबर शोधला, रुमालाने पुसला आणि मला एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. मी आरसीवर बोट ठेवून जुळवत गेले. इंजिन नंबरही तसाच. एक आकडा पुसट दिसला तर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कागद ठेवून वरून घासली, आकडा उमटला. तो कागद पुढे कामाला येईल म्हणून जपून ठेवायला सांगितला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. सीट उचलली, खालचा डबा काढला आणि आतल्या वायरिंगच्या सांध्यांमध्ये बोट फिरवलं. “गाळ बघतोय,” म्हणाले. गाडी २०१९ च्या मेमधली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, आणि नदीकाठच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन पुसून त्या पुढे विकल्या गेल्या, बाहेरून काही कळत नाही. पण हेडलाइटच्या कोपऱ्यात, कनेक्टरच्या आत, स्पीडोमीटरच्या काचेमागे बारीक मातकट रेघ राहते. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं. काका हसून म्हणाले, जेलरोडला पूर येईल तेव्हा नाशिक उरायचं नाही. किलोमीटर एकोणीस हजार होते आणि पायाखालच्या रबराची झीज तेवढीच होती. मागचा टायर गेलेला होता, बेल्ट बदलायला आलेला. दादांनी खर्च सांगितला, तेवढे पैसे कमी करून बेचाळीस हजारांवर ठरलं.

मी तिथेच ई-चलन बघितलं. महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साइटवर गाडी नंबरासोबत चेसिसचे किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकावे लागतात, म्हणून आधीच्या विक्रेत्यांना मी फोनवर तेवढेच चार आकडे मागायचे. जो द्यायला कांकू करायचा त्याच्याकडे जायचे कष्ट वाचायचे. काकांच्या गाडीवर हेल्मेटचं एक चलन निघालं, बिटको चौकातलं. “माझा भाचा,” म्हणाले आणि माझ्यासमोर भरलं. तेवढ्यात बोजा नाही, इन्शुरन्सची तारीख, पीयूसी हेही बघून घेतलं. २०१९ च्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेतानाच लागलेला, तो संपून काकांनी पुढे नियमाने रिन्यू केला होता. एप्रिल २०१९ नंतरची असल्याने हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीचीच होती, तो एक व्याप वाचला.

पैसे देताना आधी एक रुपया पाठवला. यूपीआयवर बँकेतलं नाव दिसतं, ते आरसीवरच्या नावाशी जुळलं, काकांच्या फोनवर बँकेचा मेसेज वाजला, मग उरलेले. त्याआधी मात्र सह्या. फॉर्म २९ दोन प्रती, फॉर्म ३० एक, दोघांचे आधार आणि पॅन. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘गाडी क्रमांक अमुकच्या नाव बदलासाठीच’ असं लिहून सही केली. फौजीचा मेसेज आल्यापासून मी कुठेच कोरी झेरॉक्स देत नाही. वर एक ताबा पावती, तारीख आणि वेळ घालून, संध्याकाळी पाच चाळीस. त्या मिनिटाआधीचं चलन काकांचं, नंतरचं माझं.

काकांना ती पावती माझ्यापेक्षा जास्त हवी होती. त्यांच्या साडूने विकलेली बाइक घेणाऱ्याने नावावरच करून घेतली नव्हती. तिने एकाला धडक दिली आणि नोटीस साडूच्या घरी आली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलंय: गाडी पुढे कितीही हातांत फिरो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, म्हणून काकांनी मला त्याच आठवड्याची तारीख दिली.

पेठ रोडच्या आरटीओचं फार सांगण्यासारखं नाही. अर्ज पोर्टलवर भरला, काकांच्या मोबाईलवर ओटीपी आला, तो त्यांनी माझ्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने टाकला. पेन्सिलीने घासलेला तो कागद खरंच लागला. बाहेर एजंटांनी गाठलं, ‘ताई, अर्ध्या तासात’ वगैरे. काकांनी त्यांना अशा आवाजात ‘नको’ म्हटलं की पुढचे दोघे आपोआप बाजूला झाले. एका कागदावर सही राहिली म्हणून परत जावं लागलं. नोंदीतला मोबाईल नंबर आमचा करून घेतला, नाहीतर पुढचे सगळे ओटीपी आणि मुलीची सगळी चलनं जेलरोडला पोचली असती. विम्याचं नाव बदलायचा अर्ज कंपनीकडे स्वतंत्र करावा लागतो, त्यालाही चौदा दिवसांची मुदत, तो मी ऑफिसातूनच मेल केला.

आरसीचं कार्ड स्पीड पोस्टाने आलं, त्याच्या आधीच काकांचा फोन आला होता. ते रोज ॲपमध्ये नंबर टाकून बघत होते.

“माझं नाव गेलं,” म्हणाले. “आता तुमची पहिली तीन अक्षरं दिसतायत. विम्याचं झालं का?”

झालं होतं. कागद पाठवा म्हणाले, पाठवला.

“बरं. मागचा टायर बदलला का नाही अजून?”

टायर रविवारी बदलला.